कॉट बेसिसवरचं शहर

फेब्रुवारी २०११. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर आम्ही सहाजणी राहायचो. खोल्या दोन, लोखंडी कॉट सहा, नळ एक. प्रत्येकीनं आपल्या कॉटचं भाडं द्यायचं, खोलीचं नाही. पुण्यात याला ‘कॉट बेसिस’ म्हणतात. बारावी करून मी आदल्या वर्षीच बीड जिल्ह्यातून, धारूर तालुक्यातल्या गावातून, बी.ए.ला आले होते. वय अठरा.

एका सकाळी घरमालकीण काकू धावत वर आल्या. “चपला आत घ्या गं सगळ्यांच्या. आणि दार लावून बसा. जनगणनेवाल्या बाई आल्यात.”

आम्ही बारा चपला आत घेतल्या आणि दार लावलं. खालून आवाज येत होते. प्रगणक बाई एकेक नाव विचारत होत्या, काकू सांगत होत्या. शेवटी बाईंनी विचारलं, “वर कोण राहतं?”

“वर कोणी नाही. अडगळीची खोली आहे.”

आम्ही तोंडावर ओढण्या दाबून हसलो. काकूंना भीती होती ती कराची. भाडेकरू दाखवले तर घरपट्टी वाढेल, असं त्यांना वाटत होतं. खरं तर जनगणनेच्या कागदाचा घरपट्टीशी संबंध नसतो. कायद्यानंच ती माहिती गोपनीय असते. पण हे तेव्हा काकूंनाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही.

रात्री मी आज्जीला फोन केला. गावाकडे आज्जी एकटीच होती. आई-बाबा दिवाळीनंतरच कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेले होते, भाऊही त्यांच्याबरोबर होता. मी गंमत म्हणून चपलांचा किस्सा सांगितला, तर आज्जी म्हणाली, “हितं बी मास्तर आलता. म्या समद्यांची नावं लावली. तुजं बी लावलं.”

“अगं पण मी तिथं राहत नाही. आई-बाबा पण नाहीत तिथं.”

“मग? नावं न्हाई लावली तर रेशन बंद करतेल की.”

आज्जीला रेशनकार्ड आणि जनगणना एकच वाटत होती. तिचाही दोष नव्हता. तिच्यासाठी सरकार दारात यायचं ते दोनच कारणांसाठी, काही द्यायला नाही तर काही काढून घ्यायला.

अशा रीतीनं भारताच्या २०११च्या जनगणनेत मी पुण्यात राहत नव्हते. ज्या गावात मी नव्हते, तिथं मात्र होते. ही चूक कुणा एकाची नाही. पुण्यासारख्या विद्यार्थ्यांच्या शहराची लोकसंख्या मोजायची म्हटलं की अशी गंमत होतेच. ती गंमत किती जुनी आहे, हे मला नंतरच्या वर्षांत वाचता वाचता कळत गेलं.

राजधानी गेली, शाळा आली

पुणं वाढलं ते पेशव्यांमुळे, हे आपण शाळेत शिकतो. पेशवाई गेल्यावर ते आक्रसलं, हे फारसं शिकत नाही. १८१८ साली पेशवाई संपली आणि दरबाराबरोबर दरबाराचं अर्थकारणही गेलं. सरदार, शिलेदार, कारकून, सावकार, कारागीर, अनेकांचं पोट त्या दरबारावर होतं. त्या काळातले आकडे अंदाजाचेच आहेत. तरी पेशवाईच्या अखेरीस लाखाच्या पुढे असलेलं हे शहर १८५१च्या मोजणीत सत्तर ते पंच्याहत्तर हजारांच्या दरम्यान आलं होतं. तीसेक वर्षांत शहराचा मोठा हिस्सा विरून गेला होता.

याच पडझडीच्या काळात पुण्याचा दुसरा जन्म सुरू झाला. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पेशवे विद्वानांना श्रावणात दक्षिणा वाटायचे. त्या दक्षिणेचा काही पैसा इंग्रजांनी या पाठशाळेकडे वळवला. पुढे याच पाठशाळेतून पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज झालं. १८४८ साली भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. १८५४ साली अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले, त्यांचंच आजचं सीओईपी. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज.

१८८१च्या जनगणनेत पुणे शहरात जवळपास एक लाख आणि कॅन्टोन्मेंटमध्ये तीस हजार माणसं होती. म्हणजे शहर पुन्हा उभं राहिलं होतं, पण वेगळ्या पायावर. आता इथं लोक दरबारात नोकरीला येत नव्हते. ते येत होते शिकायला, शिकवायला, कचेरीत काम करायला आणि निवृत्त होऊन राहायला. पुण्याला ‘विद्येचं माहेरघर’ आणि ‘पेन्शनरांचं शहर’ ही दोन नावं पडली. लोकसंख्याशास्त्राच्या भाषेत ती एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. हे शहर माणसाच्या आयुष्याच्या सुरुवातीला किंवा शेवटाला त्याला बोलावत होतं.

१८९१ साली आकडा एक लाख एकसष्ट हजारांवर गेला आणि १९०१ साली एक लाख त्रेपन्न हजारांवर उतरला. मधल्या दहा वर्षांत प्लेग येऊन गेला होता. १८९७च्या साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. त्याच वर्षी रँडचा खून झाला. लोक शहर सोडून माळावर झोपड्या बांधून राहिले, किती तरी जण गावाकडे परतले. बाहेरून आलेल्या माणसाला परतायला गाव असतं, आणि म्हणून त्याचं शहर चटकन रिकामं होतं. हे पुण्यानं तेव्हा पाहिलं आणि सव्वाशे वर्षांनी पुन्हा पाहिलं.

जेवायला कोण घालणार?

कुठल्या शहरात किती विद्यार्थी येतील हे कॉलेजच्या बाकांवर ठरतं, असं वाटतं. मला ते जेवणाच्या ताटावर ठरतं असं वाटतं. परक्या गावात आलेल्या पोराला दोन वेळा कोण जेवू घालणार, हा पहिला प्रश्न असतो.

एकोणिसाव्या शतकात पुण्यात आलेल्या गरीब ब्राह्मण मुलांनी हा प्रश्न दोन पद्धतींनी सोडवला. एक माधुकरी, म्हणजे झोळी घेऊन घरोघर शिजलेलं अन्न मागायचं. दुसरी वार लावून जेवणं, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरं धरायची. या दोन पद्धतींनी कोकणातली आणि देशावरची कितीतरी मुलं शिकवली. त्या मुलांचे हाल खोटे नव्हते. अपमान गिळून ती शिकली.

पण ही दोन्ही दारं जात बघून उघडायची. कुणब्याच्या किंवा माळ्याच्या मुलाला सदाशिव पेठेत कोण वार देणार? महार-मांगाच्या मुलाला उंबऱ्याच्या आत कोण घेणार? कॉलेजात प्रवेश मिळाला तरी शहरात जेवण आणि अंथरूण मिळत नव्हतं. त्यामुळे शिकायला येणाऱ्यांची जात फीमध्ये ठरायची त्याच्या आधी स्वयंपाकघरात ठरायची.

म्हणून वसतिगृहाचा इतिहास हा माझ्या मते शहराच्या लोकसंख्येचाच इतिहास आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, त्यामागे हीच जाण होती. पुण्यातही एकेक दार उघडत गेलं. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेच आजचं पुणे विद्यार्थी गृह. विठ्ठल रामजी शिंद्यांच्या मिशननं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी काम उभं केलं. १९१७ साली शाहू महाराजांच्या पुढाकारानं श्री शिवाजी मेमोरियल सोसायटी आली. १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, तिथं खेड्यातल्या मुलांना कमी पैशात राहायला आणि जेवायला मिळू लागलं.

मुलींचा रस्ता आणखी लांबचा. कॉर्नेलिया सोराबजी १८८०च्या दशकात डेक्कन कॉलेजात शिकल्या, तेव्हा त्या तिथल्या पहिल्या विद्यार्थिनी होत्या. धोंडो केशव कर्व्यांना आश्रम काढावा लागला तो गावाबाहेर, हिंगण्याला, आणि १९१६ साली महिला विद्यापीठही तिथूनच निघालं. आज मुली ज्या कर्वे रस्त्यावरून स्कूटीनं भरधाव जातात, तो कर्व्यांच्या नावाचा रस्ता हिंगण्याकडेच जातो. तेव्हा शहर तिथवर पोचलंच नव्हतं.

कॉलेजं नदीपलीकडे गेली आणि शहर त्यांच्या मागून गेलं. आधी फर्ग्युसनची इमारत, मग त्याच्या आजूबाजूला प्राध्यापकांची घरं, मग डेक्कन जिमखाना, मग खानावळी, पुस्तकांची दुकानं, हॉस्टेलं.

आकड्यांमागची तीन कारणं

शहराची लोकसंख्या तीनच प्रकारांनी वाढू शकते. तिथं जन्म मृत्यूंपेक्षा जास्त होतात, बाहेरून माणसं येतात, किंवा शहराची हद्दच सरकते. पुण्याच्या बाबतीत हे तिन्ही वेगळे काढून पाहायला हवेत, नाहीतर आकडे फसवतात.

१९४९ साली गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात पुणे विद्यापीठ सुरू झालं. १९५० साली महानगरपालिका झाली. १९५१च्या जनगणनेत पालिकेच्या हद्दीत पाच लाखांच्या आत माणसं होती. त्यानंतरचे आकडे ढोबळमानानं असे: १९७१ साली साडेआठ लाख, १९८१ साली बारा लाख, १९९१ साली साडेपंधरा लाख, २००१ साली पंचवीस लाखांच्या वर, २०११ साली एकतीस लाख.

१९९१ ते २००१ मधली उडी पाहून कुणीही म्हणेल की आयटीमुळे पुणं फुगलं. ते अर्धंच खरं आहे. १९९७ साली पालिकेच्या हद्दीत ३८ गावं घेतली गेली, त्यातली काही पुढे वगळली. त्या गावांतली माणसं कुठून आली नव्हती. ती आपल्याच ओट्यावर बसली होती आणि शहर त्यांच्याकडे चालत आलं होतं.

माणसं खरोखर आली ती दोन लाटांत. पहिली कारखान्यांची. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, साठच्या दशकात बजाज आणि टेल्को आले. पिंपरी-चिंचवड १९८१ साली अडीच लाखांचं होतं, २०११ साली ते सतरा लाखांच्या पुढे गेलं.

दुसरी लाट कॉलेजांची. १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. तोवर इंजिनिअर व्हायचं तर सरकारी कॉलेजातल्या मोजक्या जागा होत्या. आता फी भरायची ऐपत असेल तर जागाच जागा झाल्या. भारती विद्यापीठ १९६४पासून आणि सिंबायोसिस १९७१पासून होतंच. सिंबायोसिसची कल्पना तर परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणींतूनच निघाली होती. त्यांच्या जोडीला धनकवडी, कोथरूड, आंबेगाव, वडगाव, नऱ्हे या बाजूंना डोंगर पोखरून कॉलेजं उभी राहिली. या कॉलेजांनी माणसांबरोबर पैसाही आणला. कुणाच्या बापानं रान विकलं होतं, कुणी कर्ज काढलं होतं.

या दोन लाटा मग एकमेकींत मिसळल्या. कारखान्यांना इंजिनिअर हवे होते, कॉलेजं ते देत होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हिंजवडीला आयटी पार्क आलं, तेव्हा कंपन्यांना तयार पोरं शेजारीच मिळाली. चार वर्षांसाठी आलेला विद्यार्थी परत गेलाच नाही. त्यानं कॉट सोडली, मित्रांबरोबर फ्लॅट घेतला, लग्न केलं, मग आई-वडिलांना आणलं. कॉलेज हे पुण्याचं मोठं दार होतं. त्यातून आत आलेला माणूस दुसऱ्या खोलीत जाऊन स्थायिक झाला.

जन्मदराचं पाहिलं, तर गणित आणखी स्पष्ट होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ निघाला. पिढी जागच्या जागी टिकायला तो २.१च्या आसपास लागतो. म्हणजे आता शहर वाढेल ते मुख्यतः माणसं आल्यामुळे.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ७२ लाख ३२ हजारांवरून ९४ लाख २९ हजारांवर गेली. राज्य १६ टक्क्यांनी वाढलं, पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी. वाढ जवळपास २२ लाखांची. माझ्या अख्ख्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली २५ लाख ८५ हजार होती. दहा वर्षांत पुणे जिल्ह्यात जवळजवळ एक बीड जिल्हा येऊन बसला. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क कमी झाली.

बीडहून पुण्याला

माझ्या पणजोबांच्या काळी आमच्याकडून कुणी शिकायला पुण्याला गेला नसता. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि मोठ्या शिक्षणाचा रस्ता हैदराबादकडे जायचा. १९४८ साली तो भाग भारतात आला, १९५६ साली मुंबई राज्याला जोडला गेला, १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ झालं. पुण्याकडचा ओघ त्यानंतरचा. तो इतका वाढला की १९६७ साली पुण्यात मराठवाडा मित्र मंडळ ही संस्था उभी राहिली.

माझ्या घरात पुण्याला गेलेली मी पहिली. आई आणि बाबा वर्षाचे सहा महिने उसाच्या फडात. जनगणनेचा नियम असा की ९ ते २८ फेब्रुवारी या काळात माणूस जिथं नेहमी राहतो तिथं त्याला मोजायचं. आणि तो त्या पूर्ण काळात घरी नसेल, तर जिथं सापडेल तिथं. फेब्रुवारीत ऊसतोडणी ऐन भरात असते. म्हणजे नियमानं माझे आई-बाबा कोल्हापूर किंवा सांगलीच्या एखाद्या फडातल्या खोपीत मोजले जायला हवे होते. मी सदाशिव पेठेत मोजली जायला हवी होते. आज्जी तेवढी घरी. आज्जीनं मात्र पाचही जणांना एका घरात बसवलं. कागदावर आमचं कुटुंब त्या फेब्रुवारीत एकत्र होतं. प्रत्यक्षात ते गेली कित्येक वर्षं फेब्रुवारीत एकत्र नव्हतं.

त्याच जनगणनेचा आणखी एक आकडा पुढे जाहीर झाला. बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली, राज्यात सर्वांत कमी. तो आकडा वाचला तेव्हा मला चपला आत घेऊन हसणाऱ्या आम्ही सहाजणी आठवल्या. माझ्या जिल्ह्यात मुलगी मोजली जाणं ही साधी गोष्ट नव्हती. आणि मी ती हसण्यावारी नेली होती.

म्हातारं न होणारं शहर

लोकसंख्येच्या अभ्यासात वयाचा एक मनोरा काढतात. तळाला लहान मुलं, वर म्हातारी माणसं. विद्यार्थ्यांच्या शहरात हा मनोरा अठरा ते पंचवीसच्या जवळ पोट सुटल्यासारखा दिसतो. गंमत म्हणजे ते पोट वर सरकत नाही. एरवी आजचे विशीतले दहा वर्षांनी तिशीत जातात. इथं आजचे विशीतले निघून जातात किंवा उपनगरात जातात, आणि त्यांच्या कॉटवर नवे विशीतले येतात. सदाशिव पेठेतली, नवी पेठेतली ती कॉट कायम वीस वर्षांचीच राहते.

या शहराला मोजायची हौस कमी नाही. १९३० साली इथं गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगिळांनी १९३६-३७मध्ये पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. नमुना कुटुंबं निवडून अख्ख्या शहराचा असा अभ्यास तेव्हा भारतात दुर्मीळ होता. पन्नासच्या दशकात संस्थेनं फेरपाहणीही केली. पण पाहणीचं एकक कुटुंब असतं. कॉटवरची मुलगी कुठल्या कुटुंबात धरायची? तिच्याकडे चूल नाही, ती डबा लावते. तिच्या नावावर वीजबिल नाही, नळ नाही, भाडेकरार नाही. आणि तरी ती पाणी पिते, बसमध्ये उभी राहते, मध्यरात्री अभ्यासिकेतून चालत घरी येते.

न मोजलेली ही माणसं क्वचितच एकदम दिसतात. २०२०च्या टाळेबंदीत ती दिसली. मेस बंद झाल्या, अभ्यासिकांना कुलपं लागली, आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं जेवायचं काय म्हणून अडकून पडली. मग गाड्या सुटल्या आणि पेठा ओस पडल्या. प्लेगमध्ये झालं तेच झालं. ज्यांना गाव होतं ते गावाला गेले. चहाच्या टपऱ्या, झेरॉक्सची दुकानं, डबे करणाऱ्या बायका यांना तेव्हा कळलं की आपलं पोट कुणावर चालत होतं.

दुसऱ्यांदा ती दिसली ११ मार्च २०२१ला. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली गेली आणि शास्त्री रस्त्यावर पोरापोरींची गर्दी बसली. टीव्हीवर ते पाहताना लोक विचारत होते, एवढी मुलं आली कुठून? ती आली नव्हती. ती तिथंच राहत होती.

मी हलले नाही, हद्द हलली

२०१८पासून मी नऱ्ह्याला भाड्यानं राहते. राहायला आले तेव्हा हे गाव ग्रामपंचायतीत होतं. आजूबाजूला कॉलेजं, दहा-दहा मजली इमारती आणि गल्लीत पाण्याचे टँकर. ३० जून २०२१ला पुणे महापालिकेत २३ गावं आली, त्यात नऱ्हेही आलं. मी घर बदललं नाही, सामान उचललं नाही, पण एका रात्रीत खेड्यातली शहरातली झाले. टँकर येत राहिले.

२०२१ची जनगणना झाली नाही. आता येणाऱ्या मोजणीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. सोळा वर्षांचं अंतर पडलं आहे. एवढ्या वर्षांत कॉटवरच्या मुलींच्या तीन-चार पिढ्या येऊन गेल्या. त्या कुठल्याच मोजणीत आल्या नाहीत. सहाजणी होतो त्यातली एक आता फलटणला शिक्षिका आहे, एक बंगळुरूला, एक लग्न होऊन लातूरला. आम्ही त्या वाड्यात राहिलो याचा सरकारदरबारी एकही पुरावा नाही. वाडाही पाडला.

२०११चा अर्ज मी नंतर नीट वाचला. त्यात स्थलांतराचं कारण विचारलेलं होतं: काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर स्थलांतर, कुटुंबाबरोबर स्थलांतर, इतर. आईच्या रकान्यात ‘लग्न’ आलं असेल. आज्जीच्याही. मला फार वाटायचं की आपल्या रकान्यात ‘शिक्षण’ यावं, आमच्या घरातल्या बायांमध्ये पहिल्यांदा. पण अर्ज ‘शेवटचं राहण्याचं ठिकाण’ विचारतो आणि तिथून का आलात ते विचारतो. आता माझं शेवटचं ठिकाण सदाशिव पेठ. तिथून नऱ्ह्याला आले ते नोकरी आणि भाडं यांचा मेळ घालायला. बीड उरेल ते फक्त जन्मस्थानाच्या ओळीत. शिकायला आलेल्या माणसानं एकदा घर बदललं की शिक्षणासाठी केलेला तो पहिला प्रवास रकान्यातून निघून जातो. त्यामुळे ‘शिक्षणासाठी इतके आले’ असा आकडा कुठं वाचला, तर तो कमीच आहे असं समजा.

हे सगळं कशाला, असं कुणी विचारेल. कारण माणसांच्या आकड्यावर वॉर्ड पडतात, दवाखाने ठरतात, बस ठरतात, मतदारसंघ ठरतात. गावात नसलेली माणसं गावात दाखवली, तर गावाला वाटतं आपण भरलेलो आहोत. शहरात असलेली लपवली, तर शहर म्हणतं पाणी तर पुरेसं आहे, मग टँकर कशाला?

माझ्या वरच्या मजल्यावर आता चार मुली कॉट बेसिसवर राहतात. दोघी नांदेडच्या, एक जळगावची, एक धुळ्याची. त्यांना मी सांगून ठेवलंय, मोजायला कुणी आलं की दार उघडायचं. घरमालक काही म्हणाले तर मला हाक मारायची.

मागच्या महिन्यात बाबांना फोनवर हे समजावून सांगत होते. आज्जी आता नाही. बाबांचे गुडघे गेल्यापासून ते आणि आई घरीच असतात. मी म्हटलं, “बाबा, या वेळी माझं नाव तिथं लावू नका. मी इथं लावणार.”

बाबा जरा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, “म्हंजी तू आता हितली न्हाईस?”

“तसं नाही ओ बाबा. रेशनकार्ड वेगळं, ही मोजणी वेगळी. जो जिथं राहतो तिथं मोजायचा.”

“बरं.” त्यांनी ते मनात घोळवलं असावं. मग विचारलं, “मग तुज्या दादाचं आन वहिनीचं कसं करायचं? ते तर फेब्रुवारीत फडात असतेल. तिथं येतो का कुणी मोजाया?”

नियमात येतो, असं मी सांगितलं. फडात खरंच कुणी येतं का, हे दादालाच विचारायला हवं.